पहिल्या तीन महिन्यांचं औषध

गरोदर बाईला नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं नाही, हा वैद्यकातला जुना दंडक आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग असलेली बाळं जन्मल्यानंतर तो आणखी घट्ट झाला. त्यामागची काळजी खरी आहे. पण हिवतापाच्या बाबतीत या काळजीची किंमत बायकांनीच मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे.

फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी चिकट होते. पोटात वार तयार झाली की अशा पेशींना चिकटायला एक नवी जागा मिळते. मिकाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी 1996 मध्ये दाखवून दिलं की या पेशी वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला धरून बसतात. त्यामुळे आफ्रिकेत लहानपणापासून हिवताप सोसून प्रतिकारशक्ती कमावलेली मुलगीही पहिलटकरीण झाली की पुन्हा उघडी पडते. कधी कधी बोटाच्या थेंबात काही सापडत नाही आणि इकडे वार परजीवींनी भरलेली असते. आईचं रक्त कमी होतं, बाळ वजनाला कमी भरतं, कधी गर्भ जातो. पुढच्या खेपांना शरीर या पेशी ओळखू लागतं. धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या बाळंतपणात.

जिथे संसर्ग सतत चालू असतो, अशा आफ्रिकी देशांत प्रतिबंधाची गोळी (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) चौथ्या महिन्यापासून देतात. पहिले तीन महिने रिकामेच. या काळात ताप आलाच तर वर्षानुवर्षं उपाय एकच होता, कोयनेल. सात दिवस, दिवसातून तीनदा. आधीच सकाळी उलट्यांनी बेजार झालेल्या बाईच्या जिभेवर ती कडू गोळी, मग कानात घूं आवाज, गरगरणं आणि रक्तातली साखर उतरण्याचा धोका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यातच राहतात. तिला दोष कसा देणार?

आर्टेमिसिनिनची औषधं तीन दिवसांत काम करतात. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी कोवळ्या गर्भाला इजा केली होती, म्हणून पहिल्या तिमाहीत ती बंद. तरी अनेकींनी ती घेतलीच. दिवस गेल्याचं त्यांना अजून कळलंच नव्हतं. थायलंड-म्यानमार सीमेवरचं शोक्लो संशोधन केंद्र आणि आफ्रिकेतले संशोधक अशा नोंदी चिकाटीने जपत गेले. त्या सगळ्यांचं एकत्रित विश्लेषण 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यात पहिल्या तिमाहीत आर्टेमिसिनिन घेतलेल्या 737 गर्भारपणांचा हिशेब होता. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन घेतलेल्यांमध्ये गर्भपात, मृतजन्म किंवा मोठं व्यंग यांचं प्रमाण कोयनेल घेतलेल्यांपेक्षा 42 टक्क्यांनी कमी निघालं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध पहिल्या तिमाहीसाठीही मान्य केलं.

म्हणजे हा पुरावा आला तो नकळत घडलेल्या गोष्टींतून. रीतसर चाचणी आधी झाली असती, तर हाच निष्कर्ष कितीतरी वर्षं आधी हाती आला असता. केनिया, माली आणि बुर्किना फासो इथे पहिल्या तिमाहीतल्या औषधांची चाचणी आता कुठे उभी राहते आहे. ती व्हायलाच हवी.

आपल्याकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे. 2013 च्या राष्ट्रीय धोरणात पहिल्या तिमाहीसाठी कोयनेलच होतं. ईशान्य भारत वगळता इतरत्र फाल्सिपेरमसाठी जी जोडगोळी ठरली होती, त्यात आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन होतं. ते फोलेटच्या कामात अडथळा आणतं, म्हणून पहिल्या तिमाहीत चालत नाही. तेव्हा परदेशातली शिफारस आली म्हणून हातातलं पाकीट फोडून चालणार नाही. योग्य औषध पाड्यापर्यंत पोचवावं लागेल. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षं वाहणाऱ्या गडचिरोलीत तर आधी.

आणि दिवस गेलेत का हे विचारायचं कसं, तेही ठरवावं लागेल. आशाताई बोट टोचते, पट्टीवर थेंब सोडते, रेघ उमटायची वाट बघते. हिवतापावरचं प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही, म्हणून समोरच्या बाईला पाळीबद्दल विचारणं भाग असतं. पण भोवती सासू, दीर, शेजारपाजार. नवी सून मान खाली घालून ‘नाही’ म्हणते. आशाताईच्या पिशवीत हिवतापाच्या किटशेजारी गर्भचाचणीची पट्टी असते. ती सुनेच्या हातात एकांतात देण्याची सवड आणि तसं प्रशिक्षण, हे दोन्ही हिवताप कार्यक्रमाच्या खर्चात धरलं पाहिजे.