एक दिवस चालेल

परवा सकाळी साडेसहाला, चहा गाळत असतानाच, मुलीचा फोन आला. ती क्राइस्टचर्चला असते, तिकडे दुपारचे दोन वाजले होते. खुशाली विचारून झाली आणि मग म्हणाली, "बाबा, बोटीचा ऑइल कूलर पुन्हा गळायला लागलाय. नवा यायला दोन आठवडे लागणार. हा म्हणतो, शनिवारपुरता कूलर काढून टाकू आणि त्याच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून देऊ. एक दिवस चालेल. पोरं आठवडाभर सामान बांधून बसलीत."

मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. चहा गार झाला. 'एक दिवस चालेल' हे शब्द पन्नासेक वर्षांपूर्वी मीही मनाशी म्हटलेले आहेत. ती हकीकत मी मुलीला कधी सांगितली नव्हती, इथेही कधी लिहिली नाही. आज लिहितो.

आधी बोटीविषयी सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी जेट बोट पाहिलेली नसणार. मीही लेकीकडे गेलो तेव्हाच पाहिली. हिला पाण्याखाली फिरणारा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकायचं, की बोट पुढे पळते. म्हणजे बोटीत बसवलेला एक मोठा पंपच म्हणा ना. न्यूझीलंडच्याच बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी व्यवहारात आणली. एव्हरेस्टवाले हिलरी १९७७ साली अशाच तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर पार नंदप्रयागकडे गेले होते. त्या वेळी मी शाळेत भिंतीवरच्या नकाशावर पट्टी धरून मुलांना तो मार्ग दाखवला होता. आपला जावई एक दिवस असली बोट पाळेल हे तेव्हा स्वप्नातही नव्हतं. (तेव्हा मुलगीच झालेली नव्हती!)

आता कूलर. इंजिनातलं तेल फक्त वंगणाचं काम करत नाही, आतली उष्णताही वाहून आणतं. ते तेल फार तापलं की पातळ होतं, धातूवरचा त्याचा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला घासायला लागतो. म्हणून तेल एका डब्यातून फिरवतात. डब्यात बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांतून नदीचं गार पाणी, नळ्यांच्या बाहेरून गरम तेल. दोघांनी एकमेकांजवळून जायचं, पण एकमेकांत मिसळायचं नाही. मधली भिंत मिलिमीटरभरसुद्धा नसते.

ती भिंत फुटली की काय होतं हे मला जावयानेच मागे व्हिडिओवर दाखवलं होतं. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं आणि बोटीमागे इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरतो. इंजिन बंद केलं की उलट होतं, नळ्यांत राहिलेलं पाणी तेलात झिरपतं. मग तेलाची पट्टी बाहेर काढली की तिच्यावर ताकात हळद कालवल्यासारखं काहीतरी दिसतं. त्यांचा पहिला कूलर जुलैच्या थंडीत फुटला. शेडमध्ये बोट ठेवताना आतलं पाणी काढायचं राहिलं, ते गोठून फुगलं आणि एक नळी उकलली. त्याला डाख देऊन झाला, तो टिकला नाही. दुसरा कोणाच्या तरी मोडीत काढलेल्या बोटीवरचा आणला. त्यात आधीच्या इंजिनाचा धातूचा कीस अडकलेला निघाला. तो कीस कितीही धुतला तरी पुरता निघत नाही म्हणे. आणि आता तोही गळतोय.

जावयाचा मुद्दा अगदीच टाकाऊ आहे असं नाही, हे आधी कबूल करतो. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, मी मराठीचा बी. ए. पुष्कळ इंजिनांना वेगळा ऑइल कूलर नसतोच. पाणी बर्फाळ डोंगरातून आलेलं, थंडगार. जायचं तासाभराचं अंतर. हळू चालवू, असं त्याचं म्हणणं.

पण मला पटत नाही ते इथेच. जेट बोट 'हळू' चालते कुठे? मोटारीत चढ संपला की उतार येतो, इंजिनाला दम खायला मिळतो. बोटीला उतार नाही. करंजी घाट चढतोय आणि घाटमाथा येतच नाही, अशी तिची सततची अवस्था. उथळ पाण्यात तर वेग कमी केला की ती पाण्यात खाली बसते आणि तळ गोट्यांना लागतो, म्हणून तिथे उलट वेग ठेवावाच लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला वेगळं सुकाणू नसतं. मागचा पाण्याचा फवारा डावीउजवीकडे वळवून ती वळते. इंजिन बंद पडलं म्हणजे फवारा बंद, फवारा बंद म्हणजे वळणं बंद. मग वायमाकारिरीसारख्या दहा ओहोळांत फुटलेल्या नदीत पाणी नेईल तिकडे जायचं. त्या बोटीत माझी दोन नातवंडं असणार.

इथे एक आठवण मधेच सांगून टाकतो. २०१८च्या डिसेंबरात ही मंडळी नगरला आली होती (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). पाहुण्यांना दाखवायला आपल्याकडे भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल आणि फराहबागेजवळचं रणगाड्यांचं संग्रहालय. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात मी शाळेच्या सहली घेऊन कितीदा गेलो असेन, पण पीटी-७६ नावाच्या रशियन रणगाड्यासमोर कधी थांबलो नव्हतो. जावई त्याच्या मागे जाऊन वाकला आणि ओरडलाच, "बाबा, ही तर जेट बोट आहे!" खरंच, १४ टनांचा तो रणगाडा पाण्यात पोहायचा आणि तो असाच, मागून पाण्याचे दोन फवारे सोडत. १९७१च्या युद्धात आपल्या सैन्याने ते पूर्व बंगालच्या नद्यानाल्यांत वापरले. त्यानंतर मी थोडं वाचलं. मेघना ओलांडताना याच रणगाड्यांनी दगा दिला होता. अर्धा तास पोहले की इंजिन तापायचं, आणि मेघनेचं पात्र अर्ध्या तासात संपणारं नव्हतं. शेवटी साध्या नावांना बांधून त्यांना ओढून न्यावं लागलं. चारही बाजूंनी गार पाणी असलेलं यंत्रही आतून तापून बसू शकतं, एवढं मला त्यातून कळलं. म्हणून 'नदीचं पाणी थंडगार आहे' या युक्तिवादाने माझं समाधान होत नाही.

आता १९७२.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. लोक खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामांवर जात होते. पोरांना सुकडी मिळायची. आमच्या विहिरीत थोडं पाणी होतं आणि विहिरीवर वडिलांनी कर्ज काढून बसवलेलं इंजिन होतं. तेव्हा डिझेलला सगळे क्रूड म्हणत आणि इंजिनातल्या तेलाला मोबिल. अर्धा एकर घास आणि लिंबाची काही झाडं, एवढंच आम्ही त्या पाण्यावर धरून ठेवलं होतं. घास बैलांसाठी.

त्या इंजिनाला गार करायला वेगळी सोय नव्हती. पंपाने वर आलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी एका बारीक नळीने इंजिनात जायचं आणि दुसऱ्या नळीने पाटात पडायचं. वडिलांनी मला एकच गोष्ट बजावली होती. त्या पडणाऱ्या धारेखाली अधूनमधून हात धरायचा. धार कोमट असेल तर ठीक. हाताला चटका बसला किंवा धार बारीक झाली, तर दुसरं काहीही न बघता इंजिन बंद करायचं.

मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुस्तक घेऊन बांधावर बसलो होतो. धार बारीक झालेली मला दिसली होती. 'लक्ष नव्हतं' असं म्हणालो तर ते खोटं होईल. दिसली होती. पाणी खाली गेलं होतं, पंप मधूनमधून हवा ओढत होता. पण दोनच वाफे राहिले होते, आणि इंजिन बंद केलं तर पुन्हा पंप भरायचा, हँडल मारायचं, हा सगळा कुटाणा. एक दिवस चालेल, उद्या बघू, असं मनाशी म्हणालो आणि पान उलटलं. थोड्या वेळाने आवाज बदलला, एक जड घरघर झाली आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. धावत जाऊन हँडल लावलं तर ते तसूभर हलेना. मोबिल जळल्याचा तो वास मला अजूनही कुठे आला तरी ओळखू येतो.

मिस्त्री आला, त्याने इंजिन खोललं, पिस्टन आत धरून बसला होता. भाग नगरहून आणायचे होते. ते येईपर्यंत घास वाळून गेला. मिस्त्रीचं आणि सामानाचं बिल भागवायला वडिलांनी दोनातला तांबडा बैल विकला. त्या दिवसांत बैलाला काय भाव यायचा ते विचारू नका. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पुढे कधीही नाही. मी परीक्षा दिली, पास झालो, मास्तर झालो.

तर मुद्दा असा, की त्या धारेत सगळं आधीच सांगितलेलं होतं. जावयाच्या इंजिनानेही तवंग दाखवला, पिवळट तेल दाखवलं, दोन कूलर वाया घालवून दाखवले. कूलर हे तिथलं दुखणंच नव्हे. पहिला फुटला तो पाणी काढलं नाही म्हणून, दुसरा बिघडला तो न तपासता बसवला म्हणून. नळ्या परस्पर जोडून दिल्या की गळती दिसेनाशी होईल, एवढंच. तेल तापायचं ते तापेलच. माझं स्पष्ट मत आहे की ज्या बोटीत मुलं बसणार तिला 'शनिवारपुरतं' असं काही करू नये. सहल दोन आठवडे पुढे ढकलली तर पोरं रुसतील. रुसू देत.

पण हे सांगायचं कसं? जावयाला सासऱ्याने सुनावणं आपल्याकडे अजूनही बरं दिसत नाही. त्यातून विषय त्याचा. मी दिवसभर घोळ घातला. हिने सांगितलं, "लेकीला सांगा, ती बघेल." म्हणजे माझ्या तोंडचं तिच्या तोंडून. तेही मनाला येईना. शेवटी दुसऱ्या दिवशी तिकडची संध्याकाळ गाठून मीच फोन केला आणि जावयालाच बोलवायला सांगितलं. सल्ला काही दिला नाही. म्हटलं, "तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, वेळ आहे का?" आणि वर लिहिलं तेवढं सगळं सांगितलं, तांबड्या बैलासकट. मुलगीही शेजारी बसून ऐकत होती हे मला नंतर कळलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "बाबा, धार दिसली होती म्हणालात ना?"

"दिसली होती," मी म्हणालो.

"पट्टीवरचं तेल मीही पाहिलंय," तो म्हणाला. एवढंच. मग हवापाण्याचं बोलणं झालं.

शनिवारी दुपारी मोबाईलवर फोटो आला. गॅरेजच्या फरशीवर पाण्याने भरलेली मोठी परात, तिच्यात बुडवलेला कूलर, एक तोंड बुच मारून बंद केलेलं, दुसऱ्याला हवेचा पंप. सायकलच्या दुकानात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात तसं. नातू बोट दाखवतोय तिथे बुडबुड्यांची बारीक माळ वर येतेय. नवा कूलर आला की तोही बसवण्याआधी असाच तपासणार आहेत, आणि तेल एकदा बदलून, इंजिन थोडं फिरवून, पुन्हा बदलणार आहेत.

खाली मुलीने लिहिलं होतं, "परात ओळखलीत का? रुखवतातली आहे."