आधी यादी मागवा
लासूर स्टेशनला रात्री कुणाला जास्त झालं, तर गाडी काढून तासाभरात छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोचता येतं. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला पावसाळ्यात ही सोय नसते. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. त्याच भागात, हेमलकशाला, बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसतानाच्या काळापासून माडिया गोंडांवर उपचार केले. अशा दवाखान्यांसाठी आपल्याकडची माणसं मनापासून देतात, याचा मला अभिमान आहे. पण घरात उरलेल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या, मुदत संपत आलेल्या बाटल्या खोक्यात भरून पाठवणं म्हणजे दान नव्हे. तिथल्या मोजक्या कर्मचाऱ्यांना ते निवडत बसावं लागतं, वर विल्हेवाटीचा खर्च. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की दिलेलं औषध पोचेल तेव्हा मुदतीला निदान १ वर्ष उरलेलं असावं. यंत्रांचं तर आणखी अवघड: सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीला माणूस नसतो, विजेचा दाब कमीजास्त होतो, आणि चांगलं यंत्र कोपऱ्यात पडून राहतं. हातमोजे, सलाईनचे सेट, ड्रेसिंगचं कापूस-गॉज यांचा मात्र रोज फडशा पडतो. लासूरच्या व्यापाऱ्यांनो, गणेश मंडळांनो, यंदा वर्गणीतून काही पाठवणार असाल तर खरेदीआधी त्या दवाखान्याला फोन करा, यादी मागवा, आणि ते रोख रक्कम मागत असतील तर विनातक्रार रोखच द्या.