कोपराला लावलेला गूळ

८ नोव्हेंबर २०२३ रोजी रॉकस्टार गेम्सने जाहीर केलं की डिसेंबरच्या सुरुवातीला पुढच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पहिला ट्रेलर येईल. गेम आला नव्हता, ट्रेलरही आला नव्हता, ट्रेलर येणार आहे एवढंच कळलं होतं. तेवढ्यावर जगभरातल्या गेमिंग साइट्सनी बातम्या चालवल्या. १ डिसेंबरला ट्रेलरची तारीख कळली, त्याच्या बातम्या झाल्या. ट्रेलर वेळेआधीच फुटला, त्याच्याही झाल्या. दीड मिनिटाचा तो व्हिडिओ यूट्यूबवर पहिल्या २४ तासांत ९ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. शेवटी पडद्यावर आकडा होता: २०२५. मे २०२५ मध्ये त्याचा झाला २६ मे २०२६. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा झाला १९ नोव्हेंबर २०२६. मधल्या काळात ट्रेलरमधल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणारे, गर्दीतले चेहरे मोजणारे अर्ध्या-अर्ध्या तासाचे व्हिडिओ येतच राहिले.

या सगळ्याला आपण 'गेमिंग न्यूज' म्हणतो. माझ्या मते ही जाहिरात आहे. ती आपण स्वतःच्या डेटा पॅकवर बघतो, स्वतःच फॉरवर्ड करतो आणि शेवटी प्री-ऑर्डर करून तिचं बिलही भरतो. आपल्याकडे यासाठी फार जुना शब्दप्रयोग आहे: कोपराला गूळ लावणे. वास येतो, दिसतो, जीभ मात्र पोचत नाही.

डेमो म्हणजे काय रे भाऊ?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात डेमो हा स्वतंत्र कलाप्रकार आहे. तीन स्क्रीन नीट चालवायच्या, चौथी उघडायचीच नाही. डेटाबेसमधून यायला हवेत ते आकडे कोडमध्ये हाताने लिहून ठेवायचे. जो प्रेझेंट करणार त्याला आधीच बजावायचं, की काही झालं तरी 'बॅक' दाबू नकोस. यात फसवणूक आहे असं कोणी मानत नाही, कारण समोरच्या क्लायंटलाही हे सगळं ठाऊक असतं. म्हणून तर तो करारात टप्पे घालतो, स्वतःची माणसं बसवून टेस्टिंग करतो आणि त्याशिवाय पुढचा हप्ता सोडत नाही.

गेमच्या दुनियेत याच गोष्टीला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. केकचा एकच तुकडा, आयसिंगपासून तळापर्यंत संपूर्ण सजवलेला. उरलेल्या केकचा मैदा अजून चाळलेलाही नसतो. स्टुडिओच्या आत अशा तुकड्याचा उपयोग असतो: आपण काय बनवतोय हे टीमला कळतं, पैसे लावणाऱ्यांना दिसतं. गोची होते ती हा तुकडा 'गेमप्ले' म्हणून आपल्यासमोर येतो तेव्हा. कारण आपल्याकडे ना करार, ना टप्पे, ना टेस्टिंग. डेमो तोच, पण क्लायंट पैसे रोखून धरतो आणि आपण आगाऊ देतो.

हे आजचं नाही. २००५ च्या ई-थ्रीमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ साठी 'किलझोन'चा जो थरारक व्हिडिओ दाखवला, तो कन्सोलवर चालणारा गेम नव्हता. आधीच रेंडर केलेली फिल्म होती. प्रत्यक्ष 'किलझोन २' आला २००९ मध्ये. २०१२ मध्ये युबिसॉफ्टने 'वॉच डॉग्स'चा डेमो दाखवून सगळ्यांना खुर्चीवरून उठवलं. २०१४ मध्ये हातात आलेल्या गेममध्ये तो प्रकाश नव्हता, ते बारकावे नव्हते. २०१३ च्या 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'चं प्रकरण तर ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेपर्यंत गेलं. ट्रेलरमधली दृश्यं आणि विकलेला गेम यांत फरक आहे हे सेगाला मान्य करावं लागलं.

आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे 'सायबरपंक २०७७'.

आठ वर्षांची वरात

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने हा गेम २०१२ मध्ये जाहीर केला. पहिला टीझर जानेवारी २०१३ मध्ये आला. २०१८ मध्ये ४८ मिनिटांचा गेमप्ले डेमो आला आणि जगाने श्वास रोखला. २०१९ च्या ई-थ्रीत थेट किआनू रीव्हज स्टेजवर आला आणि तारीख मिळाली: १६ एप्रिल २०२०. मग ती गेली १७ सप्टेंबरवर, मग १९ नोव्हेंबरवर, मग १० डिसेंबरवर. शेवटची तारीख बदलली तेव्हा गेम 'गोल्ड' झाल्याचं, म्हणजे डिस्क छापायला तयार असल्याचं जाहीर होऊन तीन आठवडे झाले होते. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की जुन्या कन्सोल्सवरही गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो.

रिव्ह्यूसाठी पत्रकारांना दिली गेली ती फक्त पीसी आवृत्ती. वर अट अशी, की स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायची नाहीत, कंपनीने दिलेलीच वापरायची. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम कसा चालतो, हे विक्री सुरू होण्याआधी एकाही वाचकाला कळण्याची सोय नव्हती. प्री-ऑर्डर होत्या ८० लाख.

१० डिसेंबरला काय झालं ते आठवत असेल. जुन्या कन्सोल्सवर गेम रडतखडत चालत होता, मध्येच बंद पडत होता, माणसं टेबलांत रुतत होती. कंपनीने माफी मागितली. आठवड्याभरात सोनीने गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो परत आला २१ जून २०२१ रोजी, तोही पीएस४वर अडचणी येऊ शकतात या इशाऱ्यासकट.

जानेवारी २०२१ मध्ये ब्लूमबर्गच्या जेसन श्रायरने लिहिलं की २०१८ चा तो डेमो जवळजवळ पूर्णपणे बनावट होता. स्टुडिओप्रमुख अ‍ॅडम बडोव्स्की यांनी हे नाकारलं. त्यांचा मुद्दा असा, की गेम विकायला दोन वर्षं असताना दाखवलेला डेमो हा व्हर्टिकल स्लाइस असणारच, म्हणून तो खोटा ठरत नाही. इंजिनिअर म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतं. पण मग गिऱ्हाईक म्हणून माझा प्रश्न उरतोच: डेमो हा डेमोच असतो हे तुम्हाला इतकं स्पष्ट माहीत आहे, तर त्याच डेमोच्या जोरावर प्री-ऑर्डर कशा घेता?

ज्याच्या हाती किल्ली

इथे प्रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे. त्यांची अडचण समजून घ्यायला हवी. प्रिव्ह्यू म्हणजे प्रकाशकाने बोलावलेल्या ठिकाणी, प्रकाशकाने निवडलेला भाग, प्रकाशकाने ठरवलेल्या वेळेपुरता खेळायचा आणि प्रकाशकाने ठरवलेल्या तासाला छापायचा. जो नाही म्हणेल त्याची जागा दुसरा घेतो. आणि जो प्रकाशकाला नको असलेली खरी बातमी देतो, त्याचं दार बंद होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोटाकूने जाहीरपणे लिहिलं की बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट आपल्याशी बोलायलाच तयार नाहीत, कारण त्यांच्या जाहीर न झालेल्या गेम्सच्या बातम्या आपण दिल्या.

त्यामुळे प्रिव्ह्यूची भाषा बघा. तिला वर्तमानकाळ नसतो. सगळं 'वाटतंय', 'आशा आहे', 'जमलं तर कमाल होईल'. फ्रेमरेट अडखळला तर 'रिलीजपर्यंत सुधारेल'. कथा कंटाळवाणी वाटली तर 'पुढे रंगेल'. चांगलं दिसलं तर ते गेमचं श्रेय, वाईट दिसलं तर बिल्ड जुनी होती.

यूट्यूबवर तर पडदाही नसतो. २०१४ मध्ये 'शॅडो ऑफ मॉर्डोर'साठी वॉर्नर ब्रदर्सने नामांकित यूट्यूबर्सना पैसे दिले. हे पैशाचं काम आहे हे प्रेक्षकांना नीट सांगितलं गेलं नाही, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. प्रकरण २०१६ मध्ये मिटलं. आणि ई-थ्री बंद पडल्यावर जो 'समर गेम फेस्ट' आपण रात्र जागून बघतो, तिथे एका मिनिटाच्या ट्रेलरचा दर अडीच लाख डॉलर असल्याची बातमी २०२४ मध्ये एस्क्वायरने दिली. दोन तास आपण जाहिराती बघतो आणि मध्ये टीव्ही मालिका लागत नाही म्हणून तक्रारही करत नाही.

हिशोब आपला

आता रुपयांत बोलू. पीएस५ भारतात आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, किंमत ४९,९९० रुपये. सोनीचे मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांना. पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला एक गेम म्हणजे महिन्याच्या मेसचं बिल.

दुकानात मोजक्याच डिस्क यायच्या तेव्हा प्री-ऑर्डरला अर्थ होता. डिजिटल फाइल संपत नाही. ती १० तारखेला जितकी असते तितकीच २० तारखेलाही असते. पण परताव्याचा नियम वाचा. प्लेस्टेशन स्टोअरवर गेम डाउनलोड करायला सुरुवात केली, की तो मुळात सदोष निघाल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे गेम वाईट आहे हे कळायला तो डाउनलोड करावा लागतो आणि डाउनलोड केला की हक्क गेला. स्टीमवर निदान दोन तास खेळून परत करता येतो. कन्सोलवाल्याने काय पाप केलंय?

आणि किंमत फक्त आपण मोजत नाही. स्टेजवर तारीख जाहीर होते तेव्हा ती पाळायची जबाबदारी स्टेजवरच्या माणसावर नसते. सीडी प्रोजेक्टने २०१९ मध्ये जादा तासांची सक्ती करणार नाही असं सांगितलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं झालं. रिलीजची तारीख सेल्सने ठरवायची आणि शनिवार डेव्हलपरचा जायचा, हे हिंजवडीतल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही.

'पण वाट बघण्यात मजा असते ना'

असते. ट्रेलर बघा, मित्रांशी गप्पा मारा. फक्त न आलेल्या गेमवरून प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले एकमेकांच्या आयाबहिणी काढतात, तेव्हा 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आठवा.

दुसरा आक्षेप: सायबरपंक नंतर सुधारला की. 'नो मॅन्स स्काय'ही सुधारला. खरं आहे. २०२३ चा सायबरपंक उत्तम गेम आहे. पण याचा अर्थ काय होतो? ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्याला सगळ्यात वाईट गेम मिळाला आणि जो थांबला त्याला सगळ्यात चांगला, तोही सेलमध्ये. भरवशाची ही उलटी बक्षिशी झाली.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: प्रसिद्धी नसेल तर छोटे स्टुडिओ मरतील. पण प्रसिद्धी हवी म्हणून आगाऊ पैसे घ्यायलाच हवेत असं कुठाय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्या. किकस्टार्टरवर तो पुरेसे पैसे उभे करू शकला नव्हता. तरी टीमने तो तडीस नेला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या कार्यक्रमात दिसला त्याच दिवशी तो स्विचवर विकतही मिळत होता. दाखवलं ते लगेच खेळता आलं. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा 'सिल्कसाँग' २०१९ मध्ये जाहीर झाला, पुढे इतका रखडला की त्याचे मीम झाले. पण या काळात त्यांनी गेमचे आगाऊ पैसे घेतले नाहीत. गेम तयार झाल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, दोन आठवडे आधी तारीख सांगितली. किंमत २० डॉलर. ४ सप्टेंबरला इतकी झुंबड उडाली की स्टीमसकट सगळी दुकानं कोलमडली.

आणि खऱ्या डेमोची पद्धतही आपल्याला नवी नाही. 'डिजिट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीत पीसी गेम्सचे डेमो असायचे. आपल्या हातात, आपल्या मशीनवर, आपल्याला हवं ते बटण दाबून बघायचं. चालला तर चालला.

म्हणून यापुढे कुठलाही प्रिव्ह्यू वाचताना तीन गोष्टी विचारा. हा गेम कोणत्या कन्सोलवर चालत होता? कंट्रोलर कोणाच्या हातात होता? दाखवलेली दृश्यं कोणी रेकॉर्ड केली? तिन्हींची उत्तरं लेखात नसतील तर ती जाहिरात समजा आणि पुढे स्क्रोल करा. रिव्ह्यूमध्ये तुमच्याकडे आहे त्याच कन्सोलचं नाव येईपर्यंत कार्ड खिशात ठेवा. फार तर दहा दिवस उशीर होईल. आठ वर्षं थांबलोय, दहा दिवसांनी काय बिघडतं?

कंपन्यांना आपल्या कमेंट्सनी फरक पडत नाही, रागावलेल्या व्हिडिओंनी तर नाहीच, तेही व्ह्यूजच असतात. रिलीजच्या आदल्या दिवसाचा प्री-ऑर्डरचा आकडा मात्र त्या फार बारकाईने वाचतात. तो एकदा रिकामा जाऊ द्या.