लेकराचं कार्ड निघालं, मायचं काय?

घरात स्वमग्न लेकरू असलं, सोबत बौद्धिक दिव्यांगत्वही असलं, की विचारणारे पुष्कळ भेटतात. बोलतो का? शाळेत जातो का? गोळ्या चालू आहेत का? त्याच्या मायला मात्र 'रात्री झोपली होती का?' असं कोणी विचारत नाही.

आपल्या मूर्तिजापूर तालुक्यात अशा माया आहेत. पोरगं वीस वर्षांचं, अंगानं बापापेक्षा भारी, पण आंघोळ हिच्याच हातानं. रात्री दोनला उठून बाहेर निघतं म्हणून दाराला आतून कुलूप, किल्ली उशाखाली. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला बाया टोळीनं जातात, ही घरीच. मजुरी बुडाली ते बुडालीच, चार बायांत बसणंही बुडालं. पाठ दुखते, पण दवाखान्यात जायचं तर पोराला ठेवायचं कोणाजवळ? लग्नाचं आवतण येतं, तेही 'त्याले नका आणू' असं सांगून. अशीच एक माय मला म्हणाली, "भाऊ, मले मरायचंही भेव वाटते. माह्या मांगं याचं कोन?"

हाच प्रश्न शंकरबाबा पापळकर कितीतरी वर्षांपासून सरकारला विचारत आहेत. आपली शकुंतला ज्या अचलपूरला जायची (ती पुन्हा कधी धावेल ते देव जाणे), त्याच तालुक्यातल्या वझ्झरला त्यांनी बेवारस दिव्यांग लेकरं सांभाळली. १२३ जणांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मागणी जुनीच आहे: १८ वर्षं झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. बाबांच्या पद्मश्रीला आपण टाळ्या वाजवल्या. गल्लीतल्या मायला मात्र 'तुझं नशीब बाई' म्हणून मोकळे होतो.

नशीब कशाचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत सांभाळणाऱ्यासाठी महिन्याला ६०० रुपये ठरवले. रक्कम किरकोळच, पण तिच्या कामाला निदान काम तरी म्हटलं. आपल्याकडे संजय गांधी योजनेत दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले, चांगलंच झालं. पण ते लेकराचे. मायच्या राबण्याचा हिशोब कोणत्याच कागदावर नाही.

मला विचाराल तर पैशाआधी तिला सुट्टी पाहिजे. नगर परिषदेला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून गावात एक मोठी खोली, दोन प्रशिक्षित माणसं आणि आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास, एवढं तरी करा. तेवढ्या वेळात माय दवाखान्यात जाईल, बाजार करेल, नाहीतर नुसती झोपेल. झोपली तरी निधी वाया गेला असं मी म्हणणार नाही. आणि भाऊ लोकहो, बाप म्हणून रविवारचे चार तास आपणही सांभाळू शकतो, त्याला जीआर लागत नाही.

आता एक कामाची गोष्ट. मूल १८ चं झालं की सख्ख्या आईबापालाही कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेतील स्थानिक स्तर समिती ते देते. बँकेत अडकल्यावर धावपळ करण्यापेक्षा आताच करून घ्या. अर्ज भरायला अडचण असेल तर मला फोन करा, सोबत बसून भरू.