साठा किती, निघणार किती?

भद्रावतीजवळच्या बरांजचे कोळसापट्टे २०१५ साली पुन्हा कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनला मिळाले. वीज आपल्याला, जमिनी तिथल्या मराठी शेतकऱ्यांच्या. म्हणून कोळशाचे आकडे नीट वाचणे आपले कर्तव्य ठरते.

बरांजची खाण उघडी आहे. चंद्रपूर-बल्लारपूरकडील भूमिगत खाणींचा हिशेब अधिक फसवा. थराचे क्षेत्रफळ, जाडी व घनता यांचा गुणाकार म्हणजे एकूण साठा. पण छत तोलायला कोळशाचेच खांब राखावे लागतात. गाव, नदी, रेल्वेखालचा कोळसाही सोडावा लागतो. ही वजाबाकी केल्यावर उरतो तो काढण्याजोगा साठा.

आम्ही बँकेतली माणसे. तारण ठेवलेली ठेव खात्यात दिसते, पण काढता येत नाही. तेव्हा बंधूंनो, पुढाऱ्यांनी एकूण साठ्याचे टन सांगितले की टाळ्यांआधी विचारा : त्यातला निघणार किती?