निकालपत्र वाचताना

पात्राच्या मौनाचा अर्थ कसा लावावा, हे आपण साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. नायिका गप्प राहिली म्हणजे तिला सारे मान्य होते, असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर आपण त्याचे गुण कापतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मात्र एका मुलीच्या मौनाचा जवळजवळ असाच अर्थ लावला होता.

'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो खटला. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी, मजुरी करणाऱ्या मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिचे वय १४ ते १६ असावे, असे वैद्यकीय तपासणीत आढळले. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटीची शरणागती आणि संमती यांत भेद केला व शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने तो भेद पुसून टाकला. अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणून जबरदस्ती नाही, अशी ती तर्कमालिका होती.

खटला लोकांत तिच्या नावाने ओळखला जातो. आम्ही ते नाव येथे हेतुपुरस्सर लिहीत नाही. पीडितेची ओळख झाकण्याची तरतूद १९८३ साली कायद्यात आली, आणि तिला कारण ठरले ते याच निकालावरून उसळलेले आंदोलन.

त्या आंदोलनाच्या मुळाशी होते एक वाचन. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी निकालपत्र बारकाईने वाचले आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली मुंबईत स्त्रिया संघटित झाल्या. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा बदल १९८३ मध्ये झाला. त्या मुलीला मात्र या बदलातून काहीच मिळाले नाही. तिच्या खटल्यातील आरोपी निर्दोषच राहिले.

न्यायाधीशाला पुरावा हवा, सहानुभूती नव्हे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पण रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसापुढे एक मुलगी राजीखुशीने वागली, या अनुमानाला तरी कोणता पुरावा होता?

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या न्यायालयांत कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध दाद मागता येते. २००५ चा कायदा शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानतो; जखमेची अट त्यात नाही. तरीही 'इतकी वर्षे गप्प का राहिलीस?' हा प्रश्न घरादारांतून सुटलेला नाही. न्यायालयीन भाषेतले स्त्रीविषयक साचे टाळावेत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एक पुस्तिकाच काढली. शब्द बदलणे आवश्यकच आहे. पण अनुमानाची सवय शब्दांपेक्षा खोल रुजलेली असते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की हे निकालपत्र आणि ते खुले पत्र आपल्या वर्गात शेजारी-शेजारी ठेवून वाचले जावे. उद्याचे वकील, पोलीस, कारकून आणि सासू-सासरे याच बाकांवर बसलेले आहेत. मौन वाचायला ते येथे शिकले नाहीत, तर दुसरीकडे कुठे शिकणार?