हरलेल्या डावाची चिरफाड

लोणावळा-पुणे लोकलमध्ये रमीचा डाव कामशेतला संपला, की त्याची चिरफाड तळेगावपर्यंत चालते. चालू द्या! माझं भांडण एवढंच, की चिरफाड होते ती फक्त हरलेल्या डावाची. आणि निकालही ठरलेला: पानं वाईट, पिसणारा त्याहून वाईट. वर्षानुवर्षांची दोस्ती अशा निकालापायी तुटते.

आता हे बघा. एक गृहस्थ बदामची सत्ती-नव्वी धरून अठ्ठीची वाट बघत बसतात. दोन कॅटांत बदामच्या अठ्ठ्या दोनच, त्यातली एक त्यांच्यादेखत फेकली गेलेली. उरलेली आली तर 'धोरण', नाही आली तर 'नशीब'! अहो, वाट बघण्यात शहाणपण होतं की नाही, हे पान उचलायच्या आधीच ठरलेलं असतं.

आमच्या बँकेत कॅश शंभराने कमी भरली की शोधाशोध होते. पण शंभराने जास्त भरली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. तेव्हाही शोधाशोधच!

याच वाटेवर वडगाव आहे. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना तिथे शरण आणलं. इंग्रजांनी तह झुगारला, कार्नाक आणि एगर्टन यांना नोकरीतून काढलं आणि १७८० मध्ये वसई घेतली. हरणारा असा हिशेबाला बसतो. म्हणून जिंकणाऱ्याने आधी बसावं.

तेव्हा मंडळी, जिंकलेले डावही तपासा. त्यातले किती निव्वळ अठ्ठीच्या कृपेने जिंकलात ते मोजा. मग पिसणाऱ्याला शिव्या द्यायला तोंड उरतंय का, बघू!